ब्रास, खर्ची आणि ॲप

सातारा रस्त्यावरच्या एका ऑफिसात डेमो रंगात आला होता. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, टेबलावर चहाचे कागदी कप. विक्रीसाठी आलेला तरुण एकामागून एक आलेख दाखवत होता. कुठल्या साइटवर किती खर्च झाला, किती काम उरलं, कोणाकडून किती येणं आहे, सगळं एका पडद्यावर. समोर कोथरूडचे एक कंत्राटदार हाताची घडी घालून बसले होते. बंगले, दुमजली घरं आणि फ्लॅटचं नूतनीकरण ही त्यांची कामं. शेजारी त्यांची पत्नी, जी ऑफिस आणि हिशेब सांभाळते. बराच वेळ ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "हे छानच आहे. आता क्रश सँडची एक गाडी आली असं समजा, आणि ती यात चढवून दाखवा."

तरुणाने माल निवडला, पुरवठादार निवडला आणि युनिटची यादी उघडली. घनमीटर, घनफूट, टन, किलो, नग, लिटर. ब्रास नव्हता. "सर, कस्टम युनिट टाकता येतं की," तो लगेच म्हणाला. येतंच. पण हे ज्यांनी बनवलं त्यांच्यापैकी कोणी पुण्यातल्या साइटवर अर्धा दिवसही उभं राहिलेलं नाही, एवढं दोघांनाही त्या यादीवरून कळलं.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. वाळू, खडी, मुरूम या सगळ्यांचे भाव महाराष्ट्रात ब्रासवरच बोलले जातात. वाघोलीच्या बाजूच्या क्रशरवरून गाडी येते, सुपरवायझर हौद्यात टेप टाकून लांबी-रुंदी-उंची गुणतो, आणि 'सांगितली अडीच, भरते सव्वादोनच' ही नेहमीची हुज्जत सुरू होते. वाळू ओलसर असली तर भानगड वाढते. चार-पाच टक्के ओलाव्याला कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून सरकतात आणि तीच वाळू वीस-पंचवीस टक्के जास्त जागा व्यापते. मापाला गाडी पूर्ण, प्रत्यक्षात माल कमी. म्हणून काही पुरवठादार वजनकाट्याची पावती देऊन टनावर बिल करतात. तिथे पुन्हा पाण्याचंही वजन मोजलं जातंच. शिवाय एकाच मालाची अर्धी आवक ब्रासमध्ये आणि अर्धी टनात होऊन बसते. वहीत हे सगळं शेरा मारून निभतं. सॉफ्टवेअरला शेऱ्याचं वावडं असतं, त्याला आकडा लागतो.

बांधकामाचं सॉफ्टवेअर ही गोष्ट पुण्याला नवी नाही. महापालिकेत नकाशे नियमांवर घासून बघणारी 'ऑटोडीसीआर' ही प्रणाली पुण्याच्याच सॉफ्टटेक इंजिनिअर्सची. मोठ्या बिल्डरांकडे ईआरपी असतं, आणि ते चालवायला पगारी माणसंही असतात. त्यांना ते परवडतं, आणि महारेराकडे दर तिमाहीला प्रगतीचा तपशील द्यायचा असल्यामुळे टाळताही येत नाही. एकट्याचं घर बांधून देणाऱ्याला त्यातलं काही नाही. विक्री नाही म्हणून रेरा नाही, म्हणून शिस्तीची बाहेरून सक्तीही नाही. गंमत अशी की त्याची पार्टी मात्र अनेकदा हिंजवडीत काम करणारी असते. या कंत्राटदारांना एका गृहस्थांनी पाया खणायच्या आधीच रंगीत रकान्यांची गूगल शीट पाठवली होती. लाल म्हणजे उशीर, पिवळं म्हणजे धोका, हिरवं म्हणजे झालं. जून-जुलैत ती सगळी लाल झाली, कारण पाऊस त्या शीटमध्ये धरलाच नव्हता.

यांच्याकडे तोवर काय होतं? अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या, साइटमागे एक. दर साइटचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. कंत्राटदारांनी स्वतः वाढवत नेलेली एक एक्सेल फाइल, जी त्यांच्याशिवाय कोणाला उघडायचा धीर होत नसे. आणि सीएंच्या ऑफिसात वर्षाअखेरीला भरली जाणारी टॅली. याला अव्यवस्था म्हणणं अन्यायाचं होईल. एक्सेलमध्ये सळईचं गणित चोख होतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र, म्हणजे १२ मिलिमीटरच्या १२ मीटर लांब सळईचं वजन साधारण १०.६७ किलो. गाडीतून उतरलेल्या सळया मोजायच्या, सूत्राने वजन काढायचं आणि काट्याच्या पावतीशेजारी लिहायचं. दोन रकान्यांतला फरक प्रमाणाबाहेर दिसला की पुरवठादाराला फोन. त्यासाठी कुठल्या ॲपची गरज पडली नाही.

डेमो बघून परत आल्यावर पत्नीने एक वेगळं काम हाती घेतलं. तिने आधीच्या दोन-तीन वर्षांत पूर्ण झालेल्या कामांच्या फायली काढल्या आणि प्रत्येकात ठरलेला नफा आणि हाती आलेला नफा यांतली तफावत कशामुळे पडली ते शोधायला बसली. कंत्राटदारांचा पहिल्यापासून संशय सिमेंटवर होता. पोती जातात, वॉचमनचं लक्ष नसतं, पावसात चार पोती दगड होतात. फायलींनी वेगळंच सांगितलं. सिमेंटची तूट होती, पण किरकोळ. मोठी गळती 'एक्स्ट्रा'मध्ये होती, म्हणजे पार्टीने तोंडी सांगितलेली, यांनी करून दिलेली आणि शेवटच्या बिलात वादात अडकलेली कामं. त्याखालोखाल मजूर ठेकेदारांना कामापेक्षा जास्त गेलेली उचल. तिसरा नंबर जीएसटीच्या वजावटीचा, कारण काही पुरवठादारांनी बिलंच अपलोड केली नव्हती. डेमोतल्या त्या देखण्या आलेखांत या तिन्हींपैकी एकही नव्हतं.

सॉफ्टवेअर निवडताना लोक त्यात काय काय आहे याची यादी करतात. त्यापेक्षा ते कोणाच्या डोकेदुखीतून जन्माला आलं हे विचारणं जास्त उपयोगाचं, असं या फायलींनंतर वाटायला लागतं. टॅलीचंच बघा. श्यामसुंदर गोएंका कापडगिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवत. हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या भरत या आपल्या मुलाला कामाला लावलं, आणि १९८६ मध्ये प्युट्रॉनिक्स या नावाने कंपनी उभी राहिली. टॅलीचा जीव म्हणूनच व्यापाऱ्याचा आहे. खतावणी, येणी-देणी, गोदामातला साठा, यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईचं. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा, तिथे ईआरपी बसवायचा प्रयत्न फसला, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं आणि पुढे ते सगळ्यांना खुलं केलं. त्याचा पिंड कारखानदाराचा. अमेरिकेतल्या प्रोकोरची गोष्ट त्याहून बोलकी. टूई कोर्टमांश सांता बार्बरात घर बांधत होते आणि स्वतः कामानिमित्त दूर राहत होते. साइटवर आज कोण आलं आणि कोण आलं नाही हे त्यांना कळत नसे. त्या वैतागातून २००२ मध्ये प्रोकोर निघालं. म्हणजे ती डोकेदुखी कंत्राटदाराची नव्हेच, पार्टीची!

यांच्या धंद्याच्या सर्वांत जवळ जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे नेब्रास्कातल्या ओमाहाचं बिल्डरट्रेंड. २००६ पासूनचं, आणि खास घरं बांधून देणाऱ्यांसाठीच बनवलेलं. कंत्राटदारांच्या भाच्याने ते आवर्जून दाखवलं होतं. पण तिथला सुतार किंवा प्लंबर म्हणजे स्वतःची व्हॅन, स्वतःचा विमा आणि स्वतःचं ईमेलवरचं बिल असलेला माणूस. इथला गिलाव्याचा ठेकेदार शनिवारी संध्याकाळी साइटवर येऊन म्हणतो, "साहेब, पोरांना खर्ची द्यायचीय." त्या वाक्याला बसेल असा रकाना ओमाहात कोणी आखलेला नाही.

खर्ची ही पगार नव्हे आणि बिलही नव्हे. ठेकेदार चौरस फुटावर काम घेतो, माणसं त्याची असतात, आणि आठवड्याचं राशन-भाड्याचं भागावं म्हणून त्याला ठोक रक्कम द्यायची असते. मोजमाप स्लॅब झाल्यावर किंवा मजला पूर्ण झाल्यावर होतं, आणि तेव्हा आधीची खर्ची बिलातून वळती करायची. हजेरी गुणिले रोज एवढंच समजणाऱ्या पगाराच्या मॉड्यूलमध्ये हे कोंबायला गेलं की एक तर ठेकेदार कर्जबाजारी दिसतो, नाही तर साइट तोट्यात दिसते. मोजमापाचेही आपले कायदे आहेत. गिलाव्याचं मोजमाप 'आयएस १२००' या भारतीय मानकाने करायचं तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्यांची वजावट करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या खिडकी-दारांची एकाच बाजूने करायची, कारण कडांचा गिलावा त्यात जिरवलेला असतो. तीनच्या पुढे दोन्ही बाजूंनी वजावट, आणि कडा वेगळ्या मोजून वाढवायच्या. डेमोवाल्या तरुणाच्या पडद्यावर लांबी गुणिले उंची वजा उघाडे एवढंच होतं. या हिशेबाने बिल काढलं असतं तर गिलाव्यावाला दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन दुसऱ्या साइटवर गेला असता, आणि त्याचं चुकलं असंही कोणी म्हटलं नसतं.

त्यातल्या त्यात सोपा निर्णय हिशेबाचा होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून छोट्या कंत्राटदाराच्या बिलांत तीन-तीन तऱ्हा झाल्या. मालासह घर बांधून द्यायचं कंत्राट ही कायद्याच्या लेखी सेवा, त्यावर १८ टक्के. पार्टीने माल आणायचा आणि यांनी फक्त मजुरीवर स्वतंत्र बंगला नव्याने बांधायचा, तर त्या निव्वळ मजुरीच्या कंत्राटाला करमाफी. तीच मजुरी सोसायटीतल्या फ्लॅटच्या दुरुस्तीची असली तर माफी नाही. पार्टीला हे समजावताना कंत्राटदार निम्मे सीए होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा चालू कामांच्या पार्ट्यांचे फोन सुरू झाले, 'आता दर कमी करणार ना?' मालासह कंत्राटात सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट कंत्राटदाराला आधीही मिळत होती, त्यामुळे त्याचा कराआधीचा खर्च तोच राहिला. ज्या बंगल्यात पार्टीच सिमेंट आणत होती तिथे मात्र पोतं खरोखर स्वस्त झालं. हे फोनवर कोणाला पटत नाही. खरेदीची बिलं कर वेगळा दाखवून समोर ठेवली की पटतं, निदान ऐकून घेतलं जातं.

२०२२ च्या सुरुवातीपासून तर पुरवठादाराने बिल चढवून ते जीएसटीआर-टू-बी या विवरणात दिसल्याशिवाय वजावटच मिळत नाही. म्हणजे दर महिन्याला आपली खरेदी आणि ते विवरण ताडून बघणं आलं. सीएंचं ऑफिस टॅलीवर, त्यांच्याकडची मुलं टॅलीवर शिकलेली, पुरवठादारांचे हिशेबनीसही टॅलीवरच. अशा वेळी वेगळं काही घेणं म्हणजे हौस. पत्नीने टॅलीचा परवाना ऑफिसातच घेतला आणि प्रत्येक साइटला एक गोदाम आणि एक कॉस्ट सेंटर मानलं. ब्रासचा प्रश्न तिथे पाच मिनिटांत सुटला. टॅलीत संयुक्त एकक बनवता येतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट असं एकदा सांगितलं की ती पुढे निमूट ऐकते.

साइटवरची नोंद हे खरं दुखणं निघालं.

हल्ली बंगळुरूच्या पॉवरप्लेसारखी भारतीय ॲप्स आली आहेत. हजेरी, मालाची आवक, कामाचे फोटो, दिवसाचा अहवाल हे सगळं मोबाइलवरून चढवायची सोय त्यांत असते. अशांपैकी एक यांनी किरकिटवाडीच्या साइटवर लावून बघितलं. सुपरवायझर उदगीरकडचा, बारावी झालेला, फोन सराईतपणे वापरणारा. तरी दुसऱ्याच आठवड्यात नोंदी विरळ झाल्या. तो टाळाटाळ करतो असं मानणं सोपं होतं. पत्नी एका संध्याकाळी साइटवर जाऊन बसली तेव्हा उलगडा झाला.

सहा वाजत आलेले. खडीची गाडी आणि विटांचा टेंपो एकदम आले. ड्रायव्हर घाईवर, कारण रस्त्यात लावलेल्या गाडीमागे हॉर्न वाजायला लागलेले. सुपरवायझरच्या हाताला ओला माल लागलेला. त्याने पँटला हात पुसून फोन काढला तर पडदा बोट ओळखेना. ओळखलं तेव्हा ॲपने माल, उपप्रकार, पुरवठादार, चलन क्रमांक, गाडी क्रमांक, प्रमाण, दर आणि कुठल्या कामासाठी एवढं सगळं विचारलं. दर त्याला माहीतच नव्हता, आणि तो माहीत नसावा अशीच साहेबांची इच्छा होती. पार्किंगच्या स्लॅबखाली रेंज गेली आणि भरलेलं पान पुसलं गेलं. मग त्याने जे केलं ते कोणीही केलं असतं. चलनाचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि सतरा सेकंदांचा आवाज सोडला, "वहिनी, खडी वीस एमएम एक गाडी आली, टेप मारली, दोन भरली, चलनावर सव्वादोन लिहिलंय, ते खोडून सही घेतलीय."

त्या सतरा सेकंदांत माल होता, माप होतं, तफावत होती आणि तिचा बंदोबस्तही होता. ॲपच्या आठ रकान्यांत तफावतीला जागाच नव्हती.

बाजारातली बहुतेक सॉफ्टवेअर मालकाने बघावीत म्हणून बनवलेली असतात, सुपरवायझरने लिहावीत म्हणून नव्हे. विकत घेणारा मालक असतो, तेव्हा डेमोत आलेख दाखवतात. नोंद करायचा पडदा दाखवला तर तो घाईघाईने, वातानुकूलित खोलीत, स्वच्छ हातांनी. यांनी त्यानंतर जेवढे विक्रेते आले त्या सगळ्यांना एकच अट घातली. डेमो ऑफिसात नको, साइटवर द्या, आणि नोंद आमचा माणूस करेल. अर्ध्याहून अधिक जणांनी पुन्हा फोन केला नाही. निवडीचा बराचसा भाग तिथेच उरकला.

मालाच्या आवकेसाठी शेवटी नवं काहीच घेतलं नाही. चलनाचा फोटो आणि आवाज साइटच्या ग्रुपवर येतो आणि पत्नी किंवा ऑफिसातली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी ते टॅलीत चढवते. चुका पकडायला डोळ्यांची दुसरी जोडी मिळाली, हा वरचा फायदा. ग्रुपात शुभेच्छा आणि सुप्रभात टाकायचं नाही, हा नियम मात्र मोडता मोडता टिकला.

हजेरीचं नशीब वेगळं निघालं. अंगठ्याचं यंत्र लावायचा विचार होता, पण सिमेंटमधल्या अल्कलीने गवंड्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. चेहऱ्याचा फोटो घेऊन हजेरी लावणारं एक साधं ॲप घेतलं. सुरुवातीला माणसं तोंड फिरवायची. कॅमेऱ्याने आपल्यावर पाळत ठेवली जाणार असं त्यांना वाटत होतं, आणि ते अगदीच चूक होतं असंही नाही. चित्र पालटलं ते बांधकाम कामगार कल्याण मंडळामुळे. मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झाली की मुलांच्या शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा लाभ मिळू शकतो. वहीतल्या हजेरीवरून असा दाखला द्यायचा म्हणजे तीन साइटच्या वह्या चाळणं आलं, म्हणून कंत्राटदार तो टाळत असत. आता यादी एका बटणावर निघते. कलबुर्गीकडच्या एका बिगारी बाईला तो कागद मिळाल्याचं कळल्यावर बाकीची माणसं सकाळी स्वतःहून फोनसमोर उभी राहायला लागली. एखाद्या दिवशी सुपरवायझर विसरला तर तीच विचारतात, "हाजरी डाला क्या?" ज्याच्याकडून नोंद हवी त्याला त्यात काही मिळालं पाहिजे, हे ॲप विकणाऱ्या कोणीही सांगितलं नव्हतं.

उरलं ते 'एक्स्ट्रा'. यात पैसा सर्वांत जास्त आणि तांत्रिक भाग सर्वांत कमी. सहकारनगरातल्या एका बंगल्यात पहिल्या मजल्याची भिंत लिंटलपर्यंत आली होती. घरच्या काकू जिना चढून आल्या, रिकाम्या खोलीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही खिडकी जरा डावीकडे घ्या ना. पलंगाच्या डोक्यावरच येतेय." कंत्राटदार म्हणाले, "घेऊ की, काकू." त्या 'घेऊ की' मध्ये वीटकाम पाडणं, लिंटल नव्याने भरणं, आधीच बनवायला टाकलेली ग्रील बदलणं आणि ग्रॅनाइटच्या पट्ट्या पुन्हा कापणं एवढं सगळं आलं. शेवटच्या बिलात त्याचा आकडा दिसला तेव्हा काका म्हणाले, "हे चौरस फुटाच्या दरात धरलेलंच होतं ना?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या आठवणीत खिडकी पहिल्यापासून तिथेच होती.

इथे ओमाहाचं न घेतलेलं सॉफ्टवेअर कामाला आलं. बिल्डरट्रेंडमध्ये असा बदल म्हणजे स्वतंत्र कागद असतो. वर्णन, रक्कम आणि घरमालकाची ऑनलाइन सही, त्यानंतर काम. यांनी कल्पना तेवढी उचलली. आता कुठलंही जादा काम निघालं की सुपरवायझर आहे त्या स्थितीचा फोटो काढतो, ऑफिसातून एका ओळीचं वर्णन आणि रक्कम पार्टीच्या ग्रुपवर जाते, आणि 'मान्य' असं उत्तर आल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. असे संदेश कोर्टात न्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये हाच खरा हेतू. मान्य झालेला प्रत्येक बदल टॅलीत वेगळ्या ऑर्डरखाली चढतो, आणि टप्प्याच्या बिलात लगेच लागतो, शेवटपर्यंत साठत नाही.

याची किंमत पडलीच. पुण्यात घर बांधून घेणारा माणूस कंत्राटदाराला थोडा घरचा मानतो. त्याला 'स्विच बोर्ड एक फूट सरकवणे, अमुक रुपये, मान्य आहे का?' असा मेसेज गेला की तो दुखावतो. "एवढ्या-तेवढ्याचेही पैसे लावता का हो?" हे वाक्य पहिल्या काही महिन्यांत बरंच ऐकावं लागलं. त्यावर तोडगा पत्नीने काढला. किरकोळ कामं फुकटच करायची, पण मेसेज चुकवायचा नाही. रक्कम लिहायची शून्य. घर पूर्ण होताना टप्प्याटप्प्याची बिलं आणि त्यांच्यामागे शून्य रुपयांच्या कामांची लांबलचक यादी एकत्र छापून पार्टीच्या हातात जाते. शेवटच्या हप्त्यासाठी पूर्वी जे हेलपाटे होत, ते त्या यादीनंतर पुष्कळ कमी झाले.

परवाना, वर्गणी आणि क्लाउड यांवर दोघांची चर्चा अजून संपलेली नाही. इंट्यूट कंपनीने २०२२ मध्ये भारतातलं क्विकबुक्स गुंडाळणार असं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये सेवा थांबली. ते वापरणाऱ्या सगळ्यांना आपला डेटा काढून दुसरीकडे न्यावा लागला. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात, आणि घराच्या गळतीची तक्रार त्याहूनही उशिरा येऊ शकते. म्हणून हजेरीच्या ॲपमधून दर महिन्याची यादी एक्सेलमध्ये उतरवून ठेवायची ही सवय त्यांनी लावून घेतली आहे. ज्या ॲपमधून यादी बाहेर काढता येत नाही ते स्वस्त असलं तरी नको, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे.

खर्ची मात्र कुठेच नीट बसलेली नाही. सध्या ती टॅलीत ठेकेदाराच्या नावावर आगाऊ रक्कम म्हणून पडते आणि मोजमाप जुन्या एक्सेलमध्येच होतं, आयएस १२०० च्या वजावटींसकट. दोन्ही जुळवायला दर शुक्रवारी संध्याकाळ जाते. प्लंबरने हे सगळं सुरू झाल्यापासून एकाही मेसेजला उत्तर दिलेलं नाही. तो फोनच करतो, आणि त्याचं काम इतकं चांगलं आहे की त्याला कोणी काही बोलत नाही. भाच्याने एका जुन्या लॅपटॉपवर ईआरपीनेक्स्ट बसवून त्यात खर्ची आणि मोजमाप यांचा सांधा जुळवता येतो का ते बघायला घेतलंय. परवाना फुकट असला तरी त्याचा वेळ फुकट नाही, असं मामींनी त्याला बजावलं आहे, आणि दर रविवारी दोन तासांचे पैसेही ठरवून दिले आहेत. एप्रिलपासून टॅलीवर एकाच वेळी दोघींना काम करता यावं म्हणून वरचा परवाना घ्यायचा आहे. त्याआधी किरकिटवाडीच्या सुपरवायझरला नवा फोन द्यायचा ठरलाय, कारण संध्याकाळच्या उजेडात त्याच्या चलनाच्या फोटोतले आकडे वाचता येत नाहीत.